आईचं बाद मत

थॉर्नशॉ, यॉर्कशर
१४ नोव्हेंबर

चि. केरी हिस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर 'खासदार' लिहिलंय ते टपालवाल्यासाठी. इकडे सगळं ठीक. पन्हळ दुरुस्त झाली. शेजारच्या डग्लसचा गुडघा तसाच आहे, तोंडही तसंच चालू आहे.

परवा बसगाड्यांच्या विधेयकावरचं मतदान टीव्हीवर पाहिलं. पक्षादेश निघाला आणि तू निमूट होकाराचं मत द्यायच्या दालनात शिरलीस. थॉर्नशॉची बस बंद करायला थॉर्नशॉचीच खासदार! हुजूर पक्षात गेल्यावर बस लागते कुणाला म्हणा.

मी कॉलेजात गेलो नाही. सुतारकाम सांभाळून, वाचनालयात बसून निवडणुकीचा कायदा कलमवार वाचला आणि मजूर पक्षाचा निवडणूक प्रतिनिधी झालो. या गावात कुठलं घर कुठल्या पक्षाचं, ते दार उघडायच्या आत सांगतो. तेव्हा फोनवर तू जे बोललीस, "बाबा, तुम्ही आईचा चारचौघांत अपमान केलात," त्याचं उत्तर लेखी घे. मी अपमान केला नाही. हरकत घेतली.

मतमोजणीत शंकास्पद मतपत्रिका दोन्ही बाजूंना दाखवायच्या असतात. त्या रात्री निवडणूक अधिकारी पेंडलबरीबाईंनी तसली एक पुढे धरली तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस. तुझ्या नावापुढे मताची फुली आणि खाली लिहिलेलं, 'शाब्बास पोरी. आई.'

बाई हसल्या. "कुणीतरी गंमत केलीय. मत कुणाला ते स्पष्ट आहे. धरूया."

"धरता येणार नाही," मी म्हणालो. "लिहिण्यावरून मतदार ओळखू येत असेल तर मत बाद."

"'आई' काय, कुणीही लिहील, मिस्टर ओल्डरॉइड. ओळखणार कसं?"

"माझ्या जेवणाच्या डब्यावर रोज चिठ्ठी असते. हेच अक्षर. माझी बायको आहे ती."

"बाबा, तुमचा उमेदवार हजारोंनी हरतोय," तू दात-ओठ खात म्हणालीस. "एका मताने तुमचं काय भलं होणार आहे?"

"एक असो की हजार, कायदा तोच."

मत बाद झालं. योग्यच झालं. तुझी आई लोरेन तुझीच पाहुणी म्हणून कठड्यापलीकडे उभी होती, तेही मला दिसत होतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "इतक्या वर्षांत माझं काही लक्ष देऊन वाचलंस, क्लाइव, ते हे." आणि तुझ्या गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, दोन दिवस राहील आणि येईल.

माझा राग त्या कागदावर नाही. प्रत्येक निवडणुकीत प्रचाराच्या यादीत आपल्या दारापुढे मी 'दोन्ही मतं पक्की' अशी खूण केली. तिला कधी विचारलं नाही; स्वतःच्या घरात कोण विचारतं? तिचं मत कुठे जातं ते तुला मात्र ठाऊक होतं. दोघी माझ्याच टेबलाशी बसून माझ्या पत्रकांच्या घड्या घालत होतात, आणि मनात मला हसत होतात. डग्लसला हे कळल्यापासून तो मला रोज कुंपणावरून विचारतो, "काय क्लाइव, स्वैपाकघराचा कल कुणाकडे?"

माफी मागणार का, असं तू विचारलंस. नाही. तीच पत्रिका उद्या समोर आली तर उद्याही हेच सांगेन. आणि लंडनला येऊन तुझ्या दारात उभा राहीन, ही आशाही सोड.

तिची चाळिशी इथे खिडकीत राहिली आहे. पोस्टाने पाठवणार नाही, काच फुटते. तिलाच यावं लागेल. शनिवारी दुपारच्या गाडीच्या वेळी मला स्टेशनजवळ एका दाराचं काम आहे, ते लवकर उरकेल. चाळिशीवाचून तिला हे पत्र वाचता येणार नाही, तेव्हा तूच वाचून दाखव. वरचा राग गाळू नकोस. हा शेवटचा परिच्छेद मात्र दोनदा वाच, सावकाश.

तुझ्या पक्षाचा कायमचा विरोधक, आणि तुझा बाप,
क्लाइव ओल्डरॉइड