उसना नेलेला नवरदेव

ब्रेसे खाडी, शेटलंड
५ जुलै १७४७

चि. डिंगेना हिला क्राइनदादाचे अ. आ. वि. वि.

देवाच्या कृपेने आम्ही सुखरूप आहोत. आरमाराचीही कृपा आहे, पण ती जरा जड जाते. यंदा डंकर्कचे फ्रेंच लुटारू समुद्रात फिरतायत, म्हणून आपल्या डच मासेमारी ताफ्याच्या राखणीला एक लढाऊ जहाज दिलं आहे. त्यावरच्या कप्तान फान एल्सलो यांचा हुकूम असा, की त्यांच्या निशाणाच्या नजरेबाहेर कोणी जाळं टाकू नये. हुकूम उत्तम आहे, फक्त तो हेरिंगला कोणी वाचून दाखवलेला नाही. मासा पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, आणि कप्तानसाहेबांची दुर्बीण दिवसभर आमच्यावर. जरा धुकं दिसलं की सगळ्यांना या खाडीत आणून कोंडतात.

तुझा हौबर्ट बरा आहे. मिठाने हात सुजलाय, म्हणून त्याने लिहिलं नाही. ऑक्टोबरात लग्न आहे, तोवर सूज उतरेल. खारवलेल्या हेरिंगची पहिली पिंपं जलद गलबतातून पाठवली आहेत. नौकेची मालकीण तू, तेव्हा बघून घे.

लोभ असू दे. हेरिंगचा नाही तर निदान तुझा.

तुझा दादा,
क्राइन

*

व्लार्डिंगन
१९ जुलै १७४७

ती. क्राइनदादास डिंगेनाचा स. न. वि. वि.

पिंपं पोचली. त्यातलं एक मी स्वतः उघडलं. दादा, खोटं बोलायला तू लहानपणापासून कच्चा. लिहायलाही कच्चाच निघालास. हौबर्ट कल्ल्याखाली सुरीचं टोक घालतो आणि आतडं अलगद बाहेर काढतो, पोटाला धक्का लागत नाही. या माशांची पोटं फाटली आहेत. कोणीतरी लाकूड तासावं तसे कापलेत. हात सुजला असेल, पण तोंड सुजलं नाही ना? तो जवळ उभा असता तर असा मासा मिठात गेलाच नसता. आधी मासा आणि मागोमाग कापणारा समुद्रात गेला असता.

तेव्हा एकच लिही, तो बुडाला का? एक नवरा मी समुद्राला दिलेला आहे, मला या बाबतीत गुळाचा खडा नको. इकडे शेहेचाळिसाव्या वर्षीची नवरी म्हणून गाव हसून घेतंय. शेजारीण काल विचारून गेली, निळा झगा शिवणार की जुनाच उसवून घालणार. मी म्हटलं, आधी नवरदेव कुठे आहे ते कळू दे.

उत्तराला उशीर करशील तर लोभ आटेल.

डिंगेना

*

ब्रेसे खाडी
२ ऑगस्ट १७४७

चि. डिंगेनास अ. आ. वि. वि.

बुडालेला नाही. रोज दिसतो. कप्तानाच्या जहाजावर तापाने माणसं मेली, म्हणून त्यांनी आमच्या ताफ्यातून हौबर्टसकट माणसं उसनी घेतली. उसनी हा त्यांचाच शब्द. शेजारणीने उसनं नेलेलं मीठ पुढच्या आठवड्यात तरी परत येतं. मी आडवा गेलो, तर मला समजावलं, की राखण हवी तर राखणदारही पुरवले पाहिजेत. मी विचारलं, आमचीच माणसं आमची राखण करणार, तर मधे आपण कशाला? या प्रश्नाबद्दल मी दोन दिवस बेड्यांत होतो. तेव्हाच तुला खरं लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

हौबर्टकडची सुरी काढून घेतली आहे, हातात झाडू दिलाय. हंगाम संपला की ते जहाज इथूनच वेस्ट इंडीजला जाणार, साखरेच्या गलबतांची राखण करायला. तीन वर्षं. गेल्या रविवारी होडी घेऊन भेटून आलो. पळून ये म्हटलं, तर म्हणाला, मागच्या महिन्यात पळालेला अजून डोलकाठीला लटकतोय, जरा वर बघ. तुझ्यासाठी निरोप असा, की तू मोकळी आहेस. पिवळ्या तापाच्या मुलखात निघालेल्या बावन्न वर्षांच्या माणसाची वाट कोणी पाहू नये.

बाहेर फ्रेंच, मागे खडक, मधे आपले रक्षणकर्ते. इतके सुरक्षित आम्ही जन्मात नव्हतो.

रागावलीस तरी दादाच समज.

क्राइन

*

व्लार्डिंगन
१५ ऑगस्ट १७४७

ती. क्राइनदादास स. न. वि. वि.

रागवायला सवड झाली नाही. आरमाराच्या कचेरीत गेले होते. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच कळलं की काम होणार नाही. ते म्हणाले, बाई, राखण नसेल तर फ्रेंच तुमची माणसं धरून नेतील. मी म्हटलं, फ्रेंच निदान कैद्यांच्या अदलाबदलीत परत तरी देतात. मग साहेबांना फार उकडायला लागलं. त्यांनी खिडकी उघडली आणि मला दार दाखवलं.

हौबर्टला सांग, मला मोकळं करणारा तो कोण? स्वतःच्या पायातली दोरी सुटत नाही आणि निघाले दुसऱ्याला सोडवायला! त्याचा एक हातमोजा पाठव. ईस्ट इंडीजला गेलेल्यांच्या नवऱ्या चर्चमध्ये हातमोज्याशी लग्न लावतात, तसं मी लावणार. पाद्रीबुवा म्हणाले, ती सोय मोठ्या साहेबांसाठी असते, मासे कापणाऱ्यांसाठी नव्हे. मी विचारलं, मोजा कातडीचाच हवा, लोकरीचा चालत नाही, असं बायबलात कुठे लिहिलंय ते दाखवा. ते अजून शोधतायत.

मोजा मात्र त्याने आपखुशीने दिलेला हवा. तू ढापलास तर लग्न लागायचं नाही. दादा, वाट मी तशीही पाहीन. पण आज तो तिकडे मेला, तर खबर त्याच्या चुलतभावाला जाईल, मला नाही. तीन वर्षं मी रोज बंदरावर जाईन आणि मला काही सांगायला कोणी बांधील नसेल. हे मला नको. त्याला मी नको असेन, तर मोजा देऊ नये. मी समजेन.

घाई कर. लोभ नंतर.

डिंगेना

*

ब्रेसे खाडी
३० ऑगस्ट १७४७

चि. डिंगेनास अ. आ. वि. वि.

मोजा या पत्रासोबत आहे. ओलाच पाठवतोय, शेगडीवर वाळवला तर आकसेल.

तुझं पत्र आलं तोवर लढाऊ जहाजाकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या होत्या आणि त्याचा नांगर वर येत होता. मग मी कर्णा घेऊन आपल्या नौकेवरून तुझं सगळं म्हणणं ओरडून सांगितलं. आता शेटलंडच्या मेंढ्यांनाही तुझं लग्न ठाऊक आहे. हौबर्ट कठड्याशी उभा होता. ऐकलं आणि पाठ फिरवून खाली निघून गेला. मी मनात तुला काय लिहायचं ते जुळवायला लागलो. शिडं उभारली, जहाज वळलं, तेव्हा तो धावत वर आला आणि मोजा भिरकावला. वाऱ्याने तो मधेच पाण्यात पडला.

खाडीत जाळं टाकायला सक्त मनाई आहे. आम्ही टाकलं. आमच्याबरोबर आणखी अकरा नौकांनी टाकलं. पहिल्या खेपेला शेवाळ, दुसऱ्या खेपेला मोजा. कप्तानसाहेबांनी इशाऱ्याची तोफ झाडली. उभ्या हंगामातला त्यांचा हा पहिला गोळा, आणि तो आमच्यावर. फ्रेंच अजून कोणी पाहिलेले नाहीत.

नांदा सौख्य भरे म्हणतो. कसं नांदायचं ते तुमचं तुम्ही बघा.

क्राइन

*

व्लार्डिंगन
१८ सप्टेंबर १७४७

हौबर्टास डिंगेनाचा स. न. वि. वि.

परवापर्यंत तुला काय लिहायचं ते ठाऊक होतं. काल लग्न लागलं, आता नवऱ्याला काय मायना लिहितात ते मी विसरले आहे. तेव्हा नमस्कारावर भागव. हे पत्र साखर आणायला निघालेल्या गलबतातून पाठवतेय. ते तुला गाठेल अशी आशा आहे, कारण त्याची राखण तूच करायची आहेस.

पाद्रीबुवांना बायबलात कातडी सापडली नाही, म्हणून तुझा मोजा हातात घेऊन जाळी विणणारा म्हातारा पाउवेल्स तुझ्या जागी माझ्या शेजारी उभा राहिला. त्याची बायको अगदी पुढे बसून त्याच्यावर डोळे वटारत होती, जणू मी त्याला घेऊनच जाणार होते. मोज्याला माशाचा असा दर्प, की पाद्रीबुवांनी आशीर्वाद निम्म्यात उरकला. निळा झगा शिवला. लोक हसले, मीही हसले.

नंतर मला विधवांच्या बाकावरून उठवून नवरेवाल्यांच्या बाकावर बसवलं. बाक वाईट आहे. समोर खांब येतो, पाठीत वारा लागतो, आणि शेजारची बाई प्रार्थनेत झोपून अंगावर पडते. विधवांचा बाक भिंतीशी आहे, उबेचा. नऊ वर्षं बसलेय, कुठे खिळा वर आलाय तेही पाठ आहे. माझी जागा अजून रिकामीच आहे, तिथे कोणी बसलेलं नाही.

हौबर्ट, मी खांबाआड बसायला तयार आहे. मला परत भिंतीशी पाठवू नकोस.

लोभ तर आता तुला कायद्यानेच करावा लागेल. वर थोडा मनाने करावा.

तुझी बायको,
डिंगेना