आधी खोकायचं

आई, म्हणजे ह्यांची आई. माझ्या आईला मी पत्रं लिहिली, तुम्हाला कधीच नाही. आपण एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो आणि जे बोलायचं ते स्वयंपाकघराच्या दारातून तोंडावर बोलत होतो. आज लिहिते आहे ती रागाने. सकाळी ओट्याशी उभी राहून शेजारणीला एवढंच म्हटलं, की डावा गुडघा धरतो. दुपारी चष्मा लावून फोन उघडला, तर समोर गुडघ्याला बांधायचे पट्टे, तऱ्हेतऱ्हेचे. मी काही शोधलं नव्हतं, काही लिहिलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, मग काय झालं, सोयच झाली की. तिला मी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण ती गेल्यावर घरात फार शांत वाटायला लागलं. मी फोन पालथा घातला, त्यावर दुमडलेला टॉवेल ठेवला, आणि मग तुम्ही आठवलात.

आपल्या नवीन पनवेलच्या घरात फोन आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, नंबर लावल्याचं आपण विसरून गेल्यावर. पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला होता. उचलला की निम्म्या वेळा त्यात आधीच माणसं असत. क्रॉस कनेक्शन. मी कॉलेजात मुलांना दूरसंचार शिकवत होते, त्यामुळे कारण तोंडपाठ होतं: जमिनीखालची केबल ओली होते, एका जोडीतला आवाज दुसरीत झिरपतो. मी ‘फोन ठेवा हो’ म्हणून खेकसायची. तुम्ही रिसीव्हर तोंडापासून जरा लांब धरून दोनदा खोकत होता, मध्ये थोडं थांबून, कुणाच्या घरात शिरताना माणसं खोकतात तसं. एकदा पलीकडे उरणकडची एक मासळीवाली कुणाला तरी बर्फावरून झापत होती. तुमचा खोकला ऐकून ती थांबली.

“कोन हाय गो तिथं?”

“पनवेलची म्हातारी. चालू द्या तुमचं, मी ठेवते.”

“नाय आजी, तुमी बोला पयलं. आमचं काय, भांडनच चाललंय.”

तुम्ही फोन ठेवलात, आणि मी हसत होते म्हणून माझ्याकडे वळलात. “कानावर पडतं त्याला इलाज नाही. पण आपण आहोत हे त्यांना कळायला नको का? गुपचूप ऐकत राहायचं म्हणजे चोरीच ती.” कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला दार वाजवायला शिकवलं, ‘एक्सक्यूज मी’ म्हणायला शिकवलं, दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हे शिकवलं. पण इतकं नेमकं त्यांनीही सांगितलं नव्हतं.

पुढे मी कॉलेजातून मोडेम घरी आणला. त्याच फोनवरून मुंबईतल्या एका संस्थेच्या संगणकाशी जोडायचं आणि पत्रं उतरवायची. तेव्हा ई-मेल हा शब्द पनवेलमध्ये कुणाला सांगायची सोय नव्हती. एका दुपारी तुम्ही आतल्या खोलीतला, त्याच लाइनवरचा पॅरलल फोन उचललात. आत यंत्रांची ती किंचाळी चाललेली. तुम्ही खोकलात. माझ्या पडद्यावर अर्धी ओळ चिन्हांचा कचरा उमटला, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा तसाच कचरा, आणि लाइन तुटली. मी तरातरा आत आले. अहो आई, ती यंत्रं आहेत, तिथे माणूस नाही. तुम्ही रिसीव्हर अजून कानाशीच धरलेला होता. “नाही कसं? कुणीतरी श्वास रोखून होतं बघ.” भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो दिसू नये म्हणून मी तुम्हाला फार बोलले. त्याच वर्षी गणपतीनंतर तुम्ही गेलात.

त्यानंतर काही वर्षांनी मला दिल्लीच्या एका समितीवर घेतलं. इंटरनेट सामान्य लोकांना कसं द्यायचं ते ठरवायला. मी एकटी बाई, आणि बहुधा एकटीच अशी, की जिने स्वतःच्या हाताने मोडेम जोडला होता. मसुद्यात एक वाक्य होतं: सेवा देणाऱ्याकडे ऐकण्याची यंत्रणा बसवावी, ग्राहकाला कळवण्याची आवश्यकता नाही. मी म्हटलं, आवश्यकता आहे. तपास असेल तर संपल्यावर कळवा, पण कळवा. सगळे हसले. मॅडम, चोराला सांगून पकडायचं का? मी म्हटलं, ऐकणाऱ्यांतही चोर असतात. मग हसले नाहीत.

अध्यक्षांचा फोन घरी आला. मी पॅसेजमध्ये उभी आहे, बाहेर ऊन आहे, ब्लॉकमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही. आवाज एकदम गोड. “मॅडम, एका वाक्यासाठी तुमच्या कॉलेजची इंटरनेटची लाइन कशाला अडवून धरता? सही करा, महिन्याभरात लाइन—”

मध्येच कुणीतरी खोकलं. जरा लांबून. मग थोडं थांबून पुन्हा.

“तुमच्याकडे कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

“मी एकटीच आहे.”

त्यानंतर ते जे बोलले ते वर्तमानपत्रात छापता आलं असतं. समितीचा सर्वांबद्दल आदर, प्रत्येकाला मताचा अधिकार, वगैरे. आणि फोन ठेवला.

पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “त्या दिवशी लाइनवर कोण होतं?”

“माझ्या सासूबाई असतील.”

“असं होय. मग तुम्ही एकटीच कशा म्हणालात?”

“त्या वारल्या आहेत.”

त्यांनी कप बशीत ठेवला. सहीचा आग्रह मग कुणी केला नाही. वाक्य तसंच राहिलं. माझं वेगळं मत अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलं, लाइन दुसऱ्या कॉलेजला गेली, आणि मी निवृत्त होईपर्यंत प्रिन्सिपॉल माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला त्याचं दुःख नाही, संताप आहे. आता तर सगळंच ऐकतं, आई. घड्याळं ऐकतात, टीव्ही ऐकतो. खोकत कुणी नाही.

हे सगळं मी पूर्वी भाषणांतून सांगितलेलं आहे, तुमच्यावर लोक हसायचेही. मधलं एक कुणाला सांगितलेलं नाही. अध्यक्षांच्या त्या फोननंतर मी टेलिफोन खात्याकडे तक्रार नोंदवली होती. लाइनमन आला, जिन्याखालची पेटी उघडली आणि बराच वेळ बॅटरी मारून आत बघत राहिला. नवीन एक्स्चेंज आल्यापासून क्रॉस कनेक्शन असं होत नाही, म्हणाला. मग म्हणाला, “बाई, तुमच्या जोडीवर आणखी एक वायर चढवलीय कुणीतरी. आमची नाही ही. कुठं जाते बघू का?”

हे पत्र पाठवायची सोय नाही, म्हणूनच लिहू शकते. ग्राहकाला कळलंच पाहिजे म्हणून भांडणारी मी, त्या पेटीसमोर उभी राहून त्याला नको म्हणाले. ती वायर कुठे जाते हे कळलं असतं, तर खोकलं कोण तेही कळलं असतं, आणि त्या तुम्ही नसता.