उजव्या खुराड्यातली बदकं

३ फेब्रुवारी
आज बोर्ड लागला. रस्त्याच्या कडेला, माझ्या नावासकट. खिळे ठोकायला युनिव्हर्सिटीतले पाक लुकितो, म्हणजे लुकितो सर, स्वतः. कोळंबीची टरफलं नि मासळीची घाण आंबवून त्यांनी पावडर केलीय. ती खाल्ली की पिसं गाळायच्या दिवसांतही बदकं अंडी देतात म्हणे. माझ्या डाव्या खुराड्याला पावडर, उजव्याला नेहमीचा कोंडा. चार महिन्यांत फरक दिसला तर पावडर घरी कशी करायची ते आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना शिकवणार. बायकांच्या गटाची पुढारी मी. दुसरं आहे कोण?

पाक म्हणाले, आपल्याकडे लोक भिडेपोटी खोटं बोलतात, तुम्ही तोंडावर बोलता म्हणून तुम्हाला निवडलं. म्हटलं, बरोबर माणसाकडे आलात.

१ मार्च
डावी बदकं तुकतुकीत. अंडी उचलून कंबर गेली. उजवी पिसं गाळून भिकाऱ्यासारखी बसलीत. आणि उजवं खुराडंच नेमकं रस्त्याकडेला, बोर्डाखाली. शेजारची बू कास्मी बाजाराला जाताना मुद्दाम थांबली. म्हणाली, तर्वी, बोर्डावर हे तुझं नाव आहे की रोगाचं?

उद्या सुनावणार.

२ मार्च
सुनावलं नाही. उजव्यांना एक मूठ पावडर घातली. मुठीने काय होतंय? एका लेकराला सणाचं जेवण नि दुसऱ्याला कोंडा, हे कुठल्या आईला जमेल? युनिव्हर्सिटीत बाई नसणार कुणी.

९ मार्च
रोज एकच मूठ. माझी मूठ जरा मोठी आहे, त्याला मी काय करू?

उद्यापासून बंद.

२० मार्च, सकाळ
उजवी अंड्यावर आली. बू कास्मी मान खाली घालून जाते.
बंद करणारच होते. पण आता बंद केलं तर पुन्हा पिसं गाळतील, पाकना संशय येईल, बिचाऱ्यांना झोप लागायची नाही. त्यांच्यासाठीच चालू ठेवलंय.

५ एप्रिल
पावडरचं पोतं लवकर संपलं. पाक विचारात पडले. मी म्हटलं, उंदीर. माझा नवरा दास्लाम एरवी घासापुरतं तोंड उघडतो. आज त्याने मांजराएवढा उंदीर डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. शेपटीचा रंगसुद्धा सांगितला. पाकनी नवं पोतं दिलं, वर पत्र्याचं पिंप आणि कुलूप. किल्ली विश्वासाने माझ्याकडेच. गळ्यात बांधलीय. टोचते.

२ मे
पाक खुराड्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले. चहा गार झाला. म्हणाले, दोन्हीकडे सारखंच दिसतंय, बू तर्वी. मी म्हटलं, डावी जास्त आनंदी आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

ठरलं. उद्यापासून उजव्यांची पावडर बंद म्हणजे बंद. महिना आहे अजून. फरक पडेल, पावडर गावाला मिळेल, कुणाला काही कळायचं नाही.

३ मे, सकाळ
गेले तर सगळी जाळीशी उभी. माना ताणून.

घातली.

१ जून
गावच्या सभागृहात रिझल्ट. पाकचा चेहरा उतरलेला. डाव्या-उजव्यात फरक नाही, म्हणजे पावडरचा उपयोग नाही, म्हणाले. शिकवायचा कार्यक्रम रद्द. एवढ्या वर्षांची त्यांची मेहनत पाण्यात.

मला राहवेना. पिसं गाळायच्या दिवसांत भरल्या टोपल्या मी पाहिल्यात, आणि ही पावडर जन्माची जाणार? उभी राहिले. सगळ्यांदेखत म्हटलं, "पाक, उजव्यांनाही मी पावडर घातली. रोज."

पाकच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बू, माझं मन राखायला तुम्ही दोष स्वतःवर घेताय. पण विज्ञानात असं चालत नाही."

म्हटलं, मन कसलं राखतेय, खरं सांगतेय. उंदीर नव्हतेच. तर दास्लाम मागून उठला, उंदीर होते म्हणून शपथ घ्यायला. सरपंच म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाची बाई आपल्या गावात आहे. बू कास्मीने डोळे पुसले. तिने.

मला सर्टिफिकेट मिळालं. प्रामाणिक सहकार्याबद्दल.

२ जून
सर्टिफिकेट दास्लामने पुढच्या खोलीत लावलं. पाहुणा आला की आधी तेच वाचतो. मी भिंतीकडे पाठ करून बसते.

शेजारच्या कारांगसारी गावच्या बायका पावडरची वाट बघतायत. पाकनी त्यांना खरं काय ते सांगायला जायचं ठरवलंय. सोबत बोलायला सरपंचांनी परस्पर माझं नाव दिलं. बरंच झालं. तिथे मला ओळखणारं कुणी नाही. तिथे पुन्हा सांगेन, ठणकावून. पाकना धरून बसवेन नि पटवेन.

८ जून, संध्याकाळ
गेले. पाकनी युनिव्हर्सिटीचा शर्ट दिला, तो चढवला. ते माईकवर म्हणाले, या बाई स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल, पण दुसऱ्याचं मन मोडत नाहीत. तरीही आज त्या खरं तेच सांगणार आहेत. मग माईक माझ्या हातात. काय सांगू? काहीही सांगितलं तरी तो माझा चांगुलपणाच.

पुढच्या चटईवरची एक उठली. "ताई, आमची बदकं पिसं गाळतायत. तुमच्या पावडरसाठी थांबलोय. ठेवू की विकू?"

पाक माझ्याकडे बघत होते. सगळ्या बघत होत्या.

म्हटलं, "पावडरने काही होत नाही."

टाळ्या पडल्या. त्या बाईने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. दोन-चार बदकं पाहुण्यांसाठी मागे ठेवली. ती सांबालात, मिरचीच्या ठेच्यात, परतली. मानाची मांडी माझ्या ताटात.

खाल्ली. कोवळी होती. वर्षभर तरी अंडी दिली असती.