बांडगुळाचं एकच फळ

लेडबरी, १२ डिसेंबर १८७१

चि. ॲम्ब्रोज यास केझिया आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. चार पानं कशाला लिहितोस? मला वाचायला अर्धा दिवस जातो. मुद्दा एवढाच ना, की नाताळच्या जेवणाला टॅबिथा हॅडन आणि तिचे वडील तुझ्या बिऱ्हाडी येणार, नव्या वर्षात ती ब्रिस्टलला पोरं शिकवायला जाणार, आणि त्याआधी तुला मागणी घालायची आहे. मग घाल की! त्यासाठी झाडाला मेणबत्त्या, दाराला पानं, छताला बांडगूळ कशाला? राजवाड्यात झाड आणलं म्हणून बर्मिंगहॅमचे कारकूनही आणणार. शेजारी पाण्याची बादली ठेव, नाहीतर घरमालकीण पेटेल.

भाजायला हंस आणि पुडिंग पाठवते. बांडगूळही पाठवते. आमच्या सफरचंदाच्या झाडांचा ते जीव खातं, आणि तुम्ही त्याच्याखाली मुके घेता. दर मुक्याला एक पांढरं फळ तोडायचं, फळं संपली की मुके बंद, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून बाकीची फळं खुडून टाकलीत, एकच ठेवलंय. सभ्य माणसाला एक पुरतं.

आत्यावर जीव आहे तसा राहू दे, पण पत्र छोटं लिही.

केझिया प्रीस


बर्मिंगहॅम, २६ डिसेंबर

ती. आत्यास ॲम्ब्रोजचा सा. न. वि. वि.

आत्या, तू घात केलास.

हंस उत्तम झाला. झाड दोनदाच पेटलं. मग पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवलं. घरमालकीण टिबिट्सबाई ते घेऊन आल्या आणि ज्वाळेला भिऊन नेमक्या बांडगुळाखाली थबकल्या. हॅडनसाहेबांचा तिसरा पेला झाला होता. ते उठले, बाईंचा मुका घेतला, फळ तोडलं आणि खिशात घातलं. बाईंच्या हातून पुडिंग पडलं नाही, एवढंच नशीब.

मी वर पाहिलं, तर नुसती पानं. साहेब म्हणाले की फळ नाही तर मुका नाही, नियम म्हणजे नियम. माझा चेहरा बघवत नसणार. टॅबिथानं बाहीचं मोत्याचं बटण दातानं तोडलं, खुर्चीवर चढून डहाळीत अडकवलं, आणि वडिलांना सुनावलं की हे घ्या फळ, बाहीवर अजून पाच आहेत. मग मला म्हणाली की आटपा लवकर, पुडिंग गार होतंय.

आत्या, मी आटपलं.

रागावलोय, तरी तुझाच,
ॲम्ब्रोज


लेडबरी, २९ डिसेंबर

चि. ॲम्ब्रोज यास आशीर्वाद, वि. वि.

बटण कळलं, पेला कळला, टिबिट्सबाई कळल्या. मागणीचं काय झालं? पत्र उलटून पाहिलं, पाकीट झटकून पाहिलं, कुठेच नाही. अरे, मुका घेतलास आणि विचारायचं विसरलास? पोरगी दोन तारखेच्या गाडीनं निघणार! असली मुलगी पुन्हा मिळायची नाही, फार नखरे नाहीत तिचे. तोंड उघड, बाबा.

उत्तर लिहीत बसू नकोस. आधी तिच्याकडे जा.

केझिया आत्या


बर्मिंगहॅम, १ जानेवारी १८७२

ती. केझियाआत्यांस टॅबिथा हॅडनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ॲम्ब्रोजनं माझ्या हातात ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं नाही असं नाही. रोज उघडतो, पण त्यातून हवापाणीच निघतं. काल तर अर्धा तास धुकं ऐकलं.

पण आज लीप वर्ष लागलं. या वर्षात बाईनं मागणी घातली तर चालतं, आणि पुरुष नाही म्हणाला तर त्यानं तिला रेशमी झगा द्यायचा. म्हणून सकाळी चर्चमधून येताना मीच विचारलं. तो लगेच हो म्हणाला. झगा परवडणार नाही म्हणून हो म्हटलं, असं आता सगळ्यांना सांगत सुटलाय. ब्रिस्टलला नकार कळवला.

बाबांनी ते फळ अजून खिशातच ठेवलंय, आणि टिबिट्सबाईंच्या तब्येतीची रोज चौकशी करतात. तेव्हा पुढच्या नाताळला बांडगूळ फळांसकट पाठवा. जोडपी दोन असतील असं दिसतंय.

आता मलाही तुमच्यात मोजा.

तुमची होणारी भाचेसून,
टॅबिथा