त्राटिकेचं माप

१२ एप्रिल, रवि.
सुट्टी. खोलीवर कपडे धुतले. मोखाड्याहून आबांचा फोन. गुडघा वाकतच नाही म्हणाले. यंदा बोहाड्यात, गावच्या सोंगांच्या उत्सवात, त्राटिकेचा मुखवटा काकांचा पांडू नाचवणार. आजोबांपासून ते सोंग आमच्या घरचं, पण घरात मुलगा नाही. मी नुसतं "बरं" म्हटलं. पांडूला ताल कशाशी खातात ते ठाऊक नाही. राग आला.

१५ एप्रिल, बुध.
दिवसभर कारखान्यात शर्टांचे धागे कापले. दोन वर्षं हेल्परच. आज सुपरवायझर मॅडम आपणहून म्हणाल्या, "पच्चीस को मशीन पे ट्रायल देगी?" लगेच हो म्हटलं. पास झाले की कारागीर. हेच तर हवं होतं.
जेवताना आठवलं, त्राटिकेचं सोंगही पंचवीसलाच.

१७, शुक्र.
रंजीला सांगितलं, त्राटिका मलाच नाचवायचीय. ती जव्हारची, आम्ही एका खोलीत. "सोंग तू घेणार? लगीन करायचं हाय का नाय तुला?" खूप हसली. मग गच्चीवर तोंडाने संबळ वाजवून दिला. पाय चुकले नाहीत. लहानपणी अंगणात आबांच्या मागे मागे नाचायचे ना.

१९, रवि.
विचारून टाकलं.
"आबा, मी नाचू?"
"आपल्यात बायका सोंग नाय घेत, पोरी."
"मुखवट्याआड कोणाला कळतंय?"
"पंचांना कळंल."
मग आबा कोंबड्या, विहिरीचं पाणी वगैरे बोलत राहिले. वाईट वाटलं.

२१, मंगळ.
मॅडमना सहज विचारलं, ट्रायल पुढे ढकलता येईल का. "दूसरी को दे दूँ मशीन?" परत धागे कापायला बसले. आबा नाही म्हणालेत, मग कशाला आपलंच घोडं दामटायचं. ट्रायल द्यायची. ठरलं.

२३, गुरु.
आईचा फोन, दबक्या आवाजात. आबांनी मुखवटा पेटीतून काढून उन्हात ठेवलाय.
"पांडूला द्यायला असंल," मी.
"आतून जुन्या लुगड्याची गादी शिवाया सांगितलीय. सैल नाय झाला पायजे म्हणं."
"पांडूचं डोकं तर माठाएवढं."
"हां. तुज्या डोक्याचं माप मागितलंय."
 पंचांचं काय, ते विचारायचं राहिलं. रंजीने कोपऱ्यातली टेप आणली, माझ्या डोक्याभोवती धरली. या वेळी हसली नाही. एकवीस इंच.
माप आईला कळवलं. मॅडमना काय सांगायचं, सुचत नाही.