काढ्याची पुडी आणि हृदयाचं चित्र

कानाझावा, ६ नोव्हेंबर

चि. किनुयो हीस तात्सुएचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अमिदा बुद्धाच्या कृपेनं सारं क्षेम आहे, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? काल यांच्या हृदयाची दुसरी तपासणी झाली. शिरेतून किरणांचं औषध सोडतात, लगेच एक चित्र काढतात, चार तासांनी दुसरं. हृदय ते औषध किती धरून ठेवतं, ते बघायचं. सहा महिन्यांपूर्वी फारच कमी धरलं होतं. गोळ्यांनी ते वाढलं तर पुढची वर्षं चांगली जातील, असं डॉक्टर ओनिशी म्हणाले होते. काल पहिल्याहूनही कमी निघालं गं.

डॉक्टरच बुचकळ्यात पडलेत. पायांची सूज उतरली, जिना चढता येतो, मग चित्रच असं का, म्हणाले. हे मात्र मरायच्या तयारीला लागले. कुंडीतला जपलेला पाइन शेजारच्या मुरासेंना देऊन आले. जेवताना मला म्हणाले, जाण्याआधी खरं सांगतो, तुझं सलगम-माशाचं लोणचं मला चाळीस वर्षांत एकदाही आवडलं नाही. मी विचारलं, मग दर वेळी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे ते कोण, तुमचे आजोबा?

तू पाठवलेल्या काक्कोन्तोच्या काढ्यानं यांची सर्दी मात्र पळाली. तपासणीला शिंकत जाऊ नयेत म्हणून आठवडाभर दिवसातून तीनदा पाजला.

देवापुढे यांचं नाव घे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


तोयामा, ९ नोव्हेंबर

ती. ताईस किनुयोचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून रडले, लोणच्याशी आल्यावर हसले, काढ्यापाशी मात्र थबकले. घरोघरची औषधपेटी भरणारे आमचे हिरानोकाका नेमके आज आले. त्यांनी पुडीवरचं वाचून दाखवलं. काढ्यात माओ नावाची वनस्पती आहे, खेळाडूंना ती शर्यतीआधी चालत नाही. हृदयाच्या तपासणीआधी चालते का, हे डॉक्टरांना विचाराच, म्हणाले. ताई, तू इस्पितळात काढ्याचं सांगितलं होतंस ना? औषधांच्या गावची म्हणून मी मिरवते, आणि भावोजींना मीच मारलं असेल तर तोंड कुठे लपवू?

लगेच विचार आणि कळव. रागावलीस तरी तुझीच आहे.

किनुयो


कानाझावा, ४ डिसेंबर

चि. किनुयोस आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस.

नर्सनं विचारलं होतं, आणखी काही औषध चालू आहे का? मीच ठणकावून नाही म्हटलं होतं. काढा काय औषध असतो? तो आपला चहाच्या डब्याशेजारी असतो! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या माओमुळे हृदयाला किरणांचं औषध धरताच येत नाही म्हणे. काढा बंद केला आणि तीन आठवड्यांनी, म्हणजे काल, पुन्हा चित्र काढलं.

पहिल्यापेक्षा खूप जास्त धरलंय. अगदी निरोग्यासारखं नाही, पण गोळ्या आणि मिठाचं पथ्य सांभाळलं तर बरीच वर्षं काढाल, असं डॉक्टर यांना म्हणाले. हे इतके खूश, की वाकून नमस्कार करताना टेबलावर डोकं आपटलं.

बाहेरच्या बाकावर मला जे रडू आलं ते थांबेचना. हे गोंधळले. म्हणाले, मी मरणार म्हणालो तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि आता जगणार म्हटल्यावर रडतेस? मी म्हटलं, तेव्हा मला वेळ कुठे होता?

अशीच जवळ राहा.

तुझी ताई