तुम्हाला शोधणार कोण

अहो,

खराडीच्या ऑफिसला म्हणून निघालात, त्याला सात वर्षं उलटली. आपली कर्वेनगरची इमारत बिल्डर पाडून नवी बांधतोय. जुनं घर तुमच्या नावावर, त्यामुळे नवं घर माझ्या नावावर व्हायला कोर्टानं तुम्हाला मृत ठरवायला हवं.

मी वकिलांना विचारलं, "पण यांना शोधणार कोण?"

"प्रियदर्शनीताई, फ्रान्समध्ये न्यायाधीश स्वतः चौकशी करायला लावतात. आपल्याकडे इंग्रजांची रीत. पुरावा आपणच आणायचा."

पोलिसांनी तर फाइल कधीच बंद केली.

आज न्यायाधीशांनी विचारलं, "पती हयात नाहीत, असंच म्हणणं आहे ना?"

शेजारी आपली ऋतिका होती. माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब, ते आहेत."

अर्ज फेटाळला. बाहेर ऋतिका रडत म्हणाली, "आई, आता आपण राहायचं कुठं?"

तुम्ही या आणि तिला सांगा.

तुमचीच,
प्रियदर्शनी